कारवान-पश्मीसाठी मापाचा मार्टिंगेल पट्टा: पैसे कुठे घालावेत, कुठे नाही

पाचपैकी सव्वाचार. मापाने शिवून घेतलेल्या रुंद चामडी मार्टिंगेल पट्ट्याला (ओढ बसली की मानेपुरता आवळणारा, ओढ सुटली की सैल होणारा गळपट्टा) एवढे गुण द्यायला हरकत नाही. उरलेला पाऊण गुण पुण्याच्या पावसाळ्याने खाल्ला, त्याबद्दल पुढे येईलच. दुकानात टांगलेल्या तयार नायलॉनच्या मार्टिंगेलला अडीच. आणि प्लास्टिकच्या खटक्याचा, २५ मि.मी. रुंदीचा, हव्या त्या रंगात मिळणारा साधा पट्टा कारवान-पश्मीसारख्या सडपातळ, धावणाऱ्या शिकारी कुत्र्यासाठी शून्य. तो फुकट मिळाला तरी घालू नये.

हे सगळे कारवान (आखूड केसांचा देशी शिकारी कुत्रा), पश्मी (त्याचाच लांब केसांचा भाऊबंद), ग्रेहाउंड आणि त्यांच्या संकरातून झालेल्या कुत्र्यांपुरते आहे. लॅब्राडोर किंवा गावठी कुत्रे पाळणाऱ्याला यातले काहीच लागत नाही. इंग्लंड-आयर्लंडमध्ये ग्रेहाउंड किंवा व्हिपेटची जोडी कोली, टेरियर अशा कामाच्या कुत्र्याशी लावून 'लर्चर' तयार करतात, त्यांच्या गळ्यातही हाच किंवा याचा भाऊ असलेला 'फिशटेल' पट्टा दिसतो. मधे रुंद, टोकांकडे निमुळता. आपल्या धावणाऱ्या कुत्र्यांची मान त्याच घडणीची असल्याने तो नमुना इथे जसाच्या तसा चालतो. २००५ साली टपाल खात्याने मुधोळ हाउंडचे, म्हणजे कारवानचेच, तिकीट काढले. पुण्यातल्या बहुतेक पेट शॉपना त्याच्या मापाचा पट्टा ठेवणे अजून जमलेले नाही.

अडचण मानेची आहे. लांब, स्नायूंनी भरलेली, वर पातळ कातडी, खाली चरबीचा थर जवळपास नाही. आणि डोके मानेपेक्षा जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर मोठे. साधा पट्टा दोन बोटे जातील इतका ठेवला की कुत्रे मागे सरते, मान खाली घालते आणि पट्टा कानांवरून अलगद निघून हातातल्या दोरीला लोंबकळत राहतो. हे रिकाम्या मैदानात होत नाही. फटाका फुटल्यावर, बसचा हॉर्न वाजल्यावर, भर कर्वे रस्त्यावर होते. आवळून बांधावा तर अरुंद पट्टीचा सगळा दाब श्वासनलिकेवर एका रेषेत येतो, कुत्रे खोकते आणि महिन्याभरात मानेवर केस गेलेले वळे उमटते.

मार्टिंगेलमध्ये दोन वेढे असतात. मोठी पट्टी मानेभोवती जाते, तिच्या दोन टोकांना दोन कड्या असतात, त्या कड्यांतून छोटा फास ओवलेला असतो आणि दोरी त्या फासाला लागते. ओढ बसली की फास कड्यांना जवळ आणतो, पट्टा मानेपुरता आवळतो आणि तिथेच थांबतो. ओढ सुटली की सैल. फास असला तरी ही चोक चेन, म्हणजे ओढाल तितकी गळा आवळत जाणारी साखळी, नव्हे. चोक चेनला थांबा नसतो, याला असतो. मात्र तो थांबा योग्य जागी आहे की नाही हे पूर्णपणे मापावर अवलंबून आहे, आणि दहातले बहुतेक पट्टे इथेच फसतात.

माप शिंप्याच्या टेपने घ्यावे. पहिले कानांच्या लगेच मागे, मान सर्वांत बारीक असते तिथे, बोट न घालता. दुसरे डोक्याचे, जबड्याखालून कानांच्या पुढून वर, जिथे घेर सर्वांत मोठा भरेल तिथे. समजा मान ३६ आणि डोके ३९ सें.मी. आहे. मोठी पट्टी कडीपासून कडीपर्यंत मानेपेक्षा पाच सें.मी. कमी हवी, म्हणजे ३१. छोटा फास पूर्ण पसरल्यावर कड्यांमध्ये नऊ ते दहा सें.मी. अंतर सोडणारा हवा. फास दुहेरी असल्याने त्याचा घेर १८-२० येतो. उघडा पट्टा ३१ अधिक साडेनऊ, साडेचाळीस. ३९ च्या डोक्यावरून आरामात जातो. आवळल्यावर कड्या मानेवर एकमेकींपासून पाच सें.मी.वर थांबतात, कारण मान ३६ आणि पट्टी ३१. हे पाच सेंटिमीटर म्हणजे पट्ट्याचा जीव आहे.

कारागीर नेमकी इथे गफलत करतात. "मान किती?" विचारतात, छत्तीस ऐकतात आणि छत्तीसची पट्टी कापतात. मग ओढ बसल्यावर दोन्ही कड्या एकमेकींना टेकतात, पट्टा पुढे आवळूच शकत नाही, आणि आपण मार्टिंगेलच्या किमतीत साधा सैल पट्टा घेऊन घरी येतो. पट्टा दिसायला उत्तम असतो, म्हणून चूक कळत नाही. तपासणी सोपी: घातल्यावर पट्टा कानांच्या मागे सरकवायचा, दोरी सरळ वर धरायची, कड्यांमध्ये दोन बोटे आडवी मावली पाहिजेत. कड्या टेकल्या तर पट्टा मोठा, चार बोटांहून जास्त अंतर राहिले तर लहान. हे दुकानातच, कुत्र्याच्या मानेवर पाहावे. टेबलावर सगळे पट्टे बरोबर असतात.

आणखी एक. पट्टी कडीतून वळवून शिवायला प्रत्येक टोकाला चार सें.मी. लागतात. म्हणून सांगताना "तयार माप कडी ते कडी एकतीस" असे सांगावे, कापायचे माप (३९ होईल) त्याचे त्याला काढू द्यावे. अर्धवट सांगितले की शिवणीचे आठ सें.मी. कुठून तरी वजा होतातच.

रुंदी. ६८ ते ७२ सें.मी. उंचीच्या प्रौढ नराला मधोमध ५० मि.मी., मादीला ४० ते ४५. पण टोकांना ही रुंदी नको, तिथे पट्टी २५ मि.मी.पर्यंत निमुळती करून घ्यावी. दोन कारणे आहेत. रुंद टोक मानेच्या बाजूला, जबड्याच्या कोनाखाली टोचते. आणि ५० मि.मी.ची कडी ओढीखाली मधे वाकते, २५ मि.मी.ची वाकत नाही. छोटा फास २० मि.मी.चा, म्हणजे २५ च्या कडीत अडकत नाही. फासाच्या पट्टीचा जोड दोरीच्या डी-कडीखालीच लपवलेला असावा. जोड इतरत्र असेल तर तो जाडसर भाग बाजूच्या कडीत येऊन रुततो आणि पट्टा आवळलेला तसाच राहतो.

फास साखळीचाही मिळतो. सरकतो सुरेख, आवाजही येतो म्हणून काही जणांना शिकवताना सोयीचा वाटतो. पश्मीच्या मालकांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. कानामागचे लांब केस साखळीत गुंततात, उपटतात, आणि कुत्रे पट्टा दिसताच मान चोरायला लागते.

आता कातडे. मुख्य पट्टीला वनस्पतीजन्य टॅनिंगचे (झाडाच्या सालीच्या अर्काने कमावलेले), साडेतीन मि.मी.च्या आसपास जाडीचे. क्रोम टॅनिंगचे (क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले) कातडे मऊ आणि स्वस्त असते, पण ओढीखाली ताणले जाते, आणि इथे दोन सेंटिमीटर ताण म्हणजे सगळे गणित गेले. ओळखायला कापलेली कड पाहावी: आत निळसर-राखाडी छटा दिसली तर क्रोम, आरपार तपकिरी किंवा बदामी असेल तर वनस्पतीजन्य. कडेवर जाड काळा रंग चोपडलेला असेल तर एखादी कातरण मागून पाहावी. दुकानदाराला राग आला तर उत्तर मिळालेच.

आतून अस्तर हवेच. एक ते सव्वा मि.मी.चे मऊ, गुळगुळीत कातडे. फेल्ट किंवा मखमल हाताला छान लागते, पण घाम आणि पाणी धरून ठेवते आणि पश्मीच्या केसांचे गोळे करते. कारवानच्या आखूड केसांखाली कातडी इतकी पातळ असते की अस्तराच्या शिवणीची उंच गाठसुद्धा घासून लाल चट्टा पाडते. गाठी बाहेरच्या बाजूला घ्यायला सांगाव्यात.

शिवण हाताची, दोन सुयांची, मेण लावलेल्या पॉलिएस्टर दोऱ्याची. मशीनच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांना अडकलेले असतात, एक टाका तुटला की शेजारचे सुटत जातात. दोन सुयांच्या शिवणीत प्रत्येक भोकातून दोन्ही दोरे आरपार जातात, म्हणून एक झिजला तरी दुसरा धरून असतो. लांब कडेला मशीन चालेल. कडीजवळच्या चार सेंटिमीटरांत मशीन चालणार नाही. तिथे नुसते रिव्हेट ठोकून भागवलेला पट्टा परत करावा. रिव्हेटचे भोक हळूहळू लांबट होते आणि कातडे तिथूनच फाटते.

पैसे घालायचे ते कड्यांत. पितळी किंवा स्टेनलेस, जोड डाक दिलेला किंवा अखंड ओतलेल्या पितळेची. बाजारातल्या चकचकीत कड्या बहुधा जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात, वर सोनेरी किंवा निकेलचा मुलामा. चुंबक इथे उपयोगी नाही, कारण पितळ आणि जस्त दोन्हीला ते चिकटत नाही. आतल्या बाजूला किल्लीने ओरखडा काढून पाहावा: खाली पिवळे दिसले तर पितळ, करडे-पांढरे दिसले तर जस्त. साच्याची बारीक उभी रेघ आणि हातात घेताच जाणवणारा हलकेपणा ही आणखी खूण. जस्ताची कडी वाकून इशारा देत नाही, एकदम तुटते. तुटलेला भाग साखरेसारखा कणीदार दिसतो. दोरीच्या हुकालाही हेच लागू. त्यातही फिरणारा स्विव्हलचा खिळा सर्वांत कच्चा असतो, हूक घेताना तो हलवून पाहावा.

पुण्यात असे काम कोण करतो? रेसकोर्समुळे कॅम्प परिसरात घोड्यांचे लगाम, तंग, हॉल्टर (घोड्याला धरायला तोंडावर चढवतात तो पट्टा) यांच्या कामाला सरावलेले हात आहेत, आणि हा पट्टा मुळात हॉल्टरच्याच जातीचा आहे. खोगीर शिवणारा कारागीर चपला-बॅगा शिवणाऱ्यापेक्षा इथे उजवा, कारण जनावर ओढते हे त्याला सांगावे लागत नाही. फक्त पुण्याचा रेसचा मोसम पावसाळ्यात असतो, त्या महिन्यांत घोड्यांची कामे आधी होतात. ऑर्डर उन्हाळ्यातच द्यावी. किंमत तयार नायलॉन पट्ट्याच्या तिपटी-चौपटीने जाते. अर्ध्या किमतीत "सेम टू सेम" करून देतो म्हणणाऱ्याने बचत कड्यांतच केलेली असते.

पाऊण गुण कापल्याचे कारण आता. जून ते सप्टेंबर हे कातडे सुकत नाही. ओला पट्टा कपाटात गेला की चार दिवसांत बुरशी, पितळेच्या कडीभोवती तेल आणि ओल मिळून हिरवा चिकट थर, आणि अस्तराखाली कुत्र्याच्या मानेला खाज. भिजल्यावर कोरड्या फडक्याने टिपून पंख्याखाली सावलीत वाळवावा. उन्हात किंवा गीझरच्या पाइपवर ठेवला तर कातडे कडक होऊन निमुळत्या भागात तडकते. महिन्यातून एकदा खोगिराला लावतात ते साबण-तेल पुरे, तेही बोटभर. जास्त तेल पाजलेले कातडे लांबते. खोबरेल टाळावे; पुण्याच्या थंडीत ते थिजून शिवणीत पांढरे बसते.

खरे तर पावसाळ्यासाठी दुसरा पट्टा वेगळाच ठेवावा: पॉलिएस्टर पट्टीवर प्लास्टिकचा लेप असलेला, ज्याला लोक बायोथेन म्हणतात. पाणी पीत नाही, पुसला की कोरडा. गुण साडेतीन, कारण ५० मि.मी. रुंदीत तो कडक राहतो आणि कडा मानेला लागतात, ३८ मि.मी.वर थांबावे. तयार नायलॉन मार्टिंगेलला अडीच दिले ते पिल्लांसाठी. तीन ते आठ महिन्यांत मान इतक्या वेगाने बदलते की चामडी पट्टा म्हणजे पैशाची नासाडी. सरकत्या बकलचा नायलॉन घ्यावा, दर रविवारी दोन बोटांची तपासणी करावी, आणि बकल ओढीखाली आपोआप सरकते का ते पाहावे. बहुतेकांचे सरकते. जागा पक्की झाली की तिथे चार टाके घालून टाकावेत.

दोरीबद्दल थोडे सविस्तर, कारण पट्टा चांगला असूनही माणसे दोरीत चुकतात. चालवायला सव्वा ते दीड मीटरची, १८-२० मि.मी. रुंदीची चपटी दोरी. मनगटाला वेटाळू नये. टोकाचा फास अंगठ्यात अडकवून दोरी तळहातावरून घ्यावी. खटक्याने लांब-आखूड होणारी, डबीतली दोरी आणि दहा मीटरची 'ट्रेनिंग लाइन' गळ्यातल्या पट्ट्याला कधीही लावू नये. हे मत नाही, हिशेब आहे. २५ किलोचे कुत्रे ताशी ३६ कि.मी.ने, म्हणजे सेकंदाला १० मीटरने पळताना १२५० ज्यूल ऊर्जा घेऊन चाललेले असते. या कुत्र्यांना तो वेग गाठायला काही ढांगा पुरतात. दोरी संपली आणि ते सगळे ३० सें.मी.त थांबले, तर मानेवर सरासरी सव्वाचारशे किलो वजनाइतका झटका बसतो. मणके, श्वासनलिका, तुमचा खांदा, जस्ताची कडी. यातले काहीतरी जाणार. दीड मीटरच्या दोरीत तो वेग येतच नाही.

लांब दोरी हवीच असेल तर ती हार्नेसला, म्हणजे छाती-पाठीवर बसणाऱ्या पट्ट्यांना. तोही साधा नको. छाती खोल आणि कंबर वर गेलेली असल्याने नेहमीच्या हार्नेसमधून हे कुत्रे उलटे सरकून बाहेर पडते. बरगड्यांच्या मागे, कंबरेच्या बारीक भागावर तिसरा पट्टा असलेला घ्यावा, आणि तो पट्टा छातीच्या सर्वांत मोठ्या घेरापेक्षा स्पष्टपणे लहान बसला पाहिजे.

लुअरवर, म्हणजे यंत्राने ओढलेल्या पिशवीमागे पळवणाऱ्यांना 'स्लिप' लागते: रुंद पट्ट्याच्या दोन कड्यांतून ओवलेली, एक टोक हातात पक्के आणि दुसरे बोटातून सुटणारे. सोडले की पट्ट्यासकट कुत्रे मोकळे होते का, की दोरी अर्धवट अडकते, हे उभ्या कुत्र्यावर पंचवीस वेळा करून पाहावे. कातडी स्लिप ओली झाली की कडीत चिकटते. इथे लेपाची पट्टीच बरी. मार्टिंगेल घालून मात्र पळवू नये, फासात पाय अडकतो.

वेताळ टेकडीवर किंवा तळजाईवर मोकळे सोडायचा मोह सगळ्यांना होतो. तिथे मोर आहेत, आणि मोरामागे सुटलेला कारवान हाकेला वळत नाही, कारण त्या क्षणी तो फक्त डोळ्यांनी चालतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मोर मारला गेला काय किंवा ससा, कुत्र्याला कळत नव्हते ही सबब चालत नाही. कुंपण घातलेली जागा भाड्याने घेणे स्वस्त पडते. कुंपण सहा फुटांचे हवे.

मार्टिंगेल फक्त बाहेर जाताना. घरी, पिंजऱ्यात, दोन कुत्री खेळत असताना, किंवा खुंटीला बांधताना तो गळ्यात नसावा. छोटा फास दाराच्या कडीत किंवा दुसऱ्याच्या जबड्यात अडकला की कुत्रे ओढते आणि तो आवळलेलाच राहतो. महापालिकेच्या परवान्याचा बिल्ला आणि फोन नंबरची पाटी यासाठी घरात हलका, वेगळा पट्टा. रोज रात्री मोठा पट्टा काढला की खालची मान बोटांनी चाचपावी. रुंद पट्ट्याखाली गोचिड आरामात लपतात, आणि पुण्यात टिक फीवर पावसाळ्यानंतर काही नवलाची गोष्ट नाही.

पैदास करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. जुळणीच्या वेळी मादीला धरायला हाच रुंद पट्टा उत्तम. नर-मादी अडकलेली असताना, म्हणजे दहा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत, मादीने झटका देऊ नये म्हणून मान आधाराने धरावी लागते आणि अरुंद पट्टा तेव्हा गळा दाबतो. व्यायल्यावर मात्र आईच्या गळ्यात काहीच नको, पिल्लांचे पाय अडकतात. पिल्ले ओळखायला रंगीत लोकरीचे धागे लोक बांधतात. ते दर दोन दिवसांनी बदलले नाहीत तर मानेत रुततात. २०१७ च्या पैदास नियमांप्रमाणे पिल्लू आठ आठवड्यांच्या आत विकता येत नाही, तेव्हा नव्या मालकाला पट्ट्याचे माप आधी कळवायची घाई करू नये. त्या वयात आठवड्याला माप बदलते.

ऑर्डर देताना कागदावर एवढे लिहून द्यावे: तयार माप कडी ते कडी, फासाचा घेर, मधली आणि टोकाची रुंदी, अखंड पितळी कडी, कडीजवळ हाताची शिवण, गाठी बाहेर. आणि छोटे फास दोन शिवून घ्यावेत. कड्यांवर सतत घासून आधी झिजतो तो फासच, मोठी पट्टी नव्हे. जोडाचे टाके उसवून नवा फास ओवायला कारागिराला थोडा वेळ पुरतो. सुटा फास नसेल तर पट्टा आठवडाभर त्याच्याकडे पडून राहतो आणि कुत्रे पुन्हा प्लास्टिकच्या खटक्यावर येते.